फुग्याची शेपटी

ताईनं निब शाईत बुडवली, बाटलीच्या काठाला टेकवून जास्तीची शाई उतरवली आणि डाव्या हातानं टीपकागद चित्रावर सरकवला. आता फक्त संवादाच्या फुग्यापुरती जागा उघडी राहिली.

"हाच ना?"

"हाच. गोंद सुटला होता म्हणून चिकटवायला घेतला आणि वर माझाच चहा सांडला," संपादिका म्हणाली. "म्हणजे गुन्हा माझा आणि हेलपाटा तुम्हाला. पण तुमच्यासारखं अक्षर काढणार कोण? आमच्या ऑफिसात सगळे डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखं लिहिणारे."

ताई हसली. फुग्यातले शब्द तिला पाठ होते. 'मी आहे ना. मोजत राहा.' नव्या कागदावर तिनं ते एका दमात लिहिले. शेजारच्या खोलीत छपाईचं यंत्र चालू होतं आणि त्याच्या घरघरीनं टेबलावरची पेन्सिल इंचाइंचानं कडेकडे सरकत होती. ताईनं ती उचलून डब्यात टाकली. कामाच्या टेबलावर काही पडायला आलेलं तिला बघवत नसे.

वीस वर्षांत तिनं धाकट्या भावाच्या बारा पुस्तकांतला शब्द न् शब्द लिहिला होता आणि पहिलं सोडलं तर एकाही पुस्तकातलं चित्र पाहिलं नव्हतं. भाऊ चित्रकादंबऱ्या काढायचा. लढाईत सापडलेल्या मुलांच्या भयकथा: पडक्या शाळांतली, रिकाम्या इस्पितळांतली मुलं, त्यांच्यामागे लागलेली भुतं आणि शेवटी कशीबशी वाचलेली एकदोन. पंधरा-सोळा वर्षांची पोरं त्या पुस्तकांवर जीव टाकायची. ताईला मात्र पहिलं पुस्तक चाळल्यावर आठ दिवस झोप लागली नव्हती. तेव्हा तिनं अट घातली की अक्षर मी काढीन, पण चित्रं मला दाखवायची नाहीत.

मग त्या दोघांची पद्धतच पडून गेली. भाऊ कागदाच्या लांब पट्ट्यांवर फिकट पेन्सिलनं संवाद लिहून पाठवायचा, प्रत्येकाला नंबर घालून. ताई त्यावर शाईनं लिहायची, भोवती फुगा काढायची आणि शाई वाळली की खालची पेन्सिल खोडून टाकायची. पुढे भाऊ ते फुगे कापून चित्रांवर चिकटवायचा आणि ज्याच्या तोंडचे शब्द असतील त्याच्याकडे फुग्याची शेपटी ओढायचा. कोण बोलतंय ते ताईला कळायचंच नाही. रडणारं पोर काय आणि त्याला खायला आलेलं भूत काय, दोघांचे शब्द ती सारख्याच मायेनं काढायची. तिचा नवरा चष्म्याच्या दुकानातून घरी आला की दोरीवर वाळणाऱ्या पट्ट्या बघून म्हणायचा, "तुझ्या भावाची भुतं कायम आपल्याकडेच मुक्कामाला. पंगतीला बसत नाहीत एवढंच नशीब."

तेराव्या पुस्तकाच्या पट्ट्या आल्या आणि पहिल्याच पट्टीवर ताई थबकली. 'मी आहे ना.' हे तिचे शब्द होते. तळघरात जिन्याखाली बसून ती सहा वर्षांच्या भावाच्या कानात अहोरात्र हेच सांगत राहायची. पुढे 'मोजत राहा' आलं. वर बॉम्ब पडायला लागले की ती त्याला आकडे मोजायला लावायची. त्यापुढे 'मागे बघू नकोस' आलं, आणि ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. पस्तीस वर्षांनी का होईना, पठ्ठ्यानं आपली स्वतःची गोष्ट काढायला घेतली आणि तिच्यात बहिणीला घातलं. तिनं हे नवऱ्याला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, शेजारणीकडे आलेल्या पाहुणीलाही सांगितलं: या पुस्तकात मी आहे.

नव्वदाव्या पट्टीवर एकच शब्द होता. 'दोघंच.' तिथे तिची निब अडली आणि शाईचा मोठा थेंब पडला. चोराच्या मनात चांदणं. तिनं नवी पट्टी घेतली, पण लिहिण्याआधी भावाला फोन लावला.

"खारू, तुझ्या या गोष्टीत मुलं किती आहेत रे?"

"दोन. का गं?"

"काही नाही. सहज."

खारू हे त्याचं तळघरातलं नाव. पावाचा तुकडा खाऊन न टाकता गालात साठवून ठेवायचा म्हणून पडलेलं. त्या फोननंतर ताईनं एक मोठा श्वास सोडला आणि 'दोघंच' लिहून टाकलं. चांगलं वळणदार आलं.

"आता शेपटी," संपादिका म्हणाली.

"शेपटी?"

"तीही धुतली गेलीय ना चहात. तुम्हीच काढा, म्हणजे शाई सारखी दिसेल. तोंडाला टेकली की झालं."

शेपटी ताईनं जन्मात काढली नव्हती. पण तोंड कुठे आहे ते पाहिल्याशिवाय शेपटी कशी काढणार? तिनं मनाची तयारी केली. खरं तर तयारी कसली, तिला उत्सुकताच होती. अकरा वर्षांची एक मुलगी असेल, वेण्या सुटलेल्या, बापाच्या कोटात बुडालेली. गालात हसत तिनं टीपकागद उचलला.

जिन्याखाली एक मुलगा गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. तो खारूच होता, गाल फुगलेले. त्याच्यावर एक आकृती वाकली होती. माणसाच्या दुप्पट उंच, कोळशानं काळी, अंगात पायापर्यंत लोळणारा पुरुषी कोट. जिन्याच्या गजांसारखी लांब बोटं मुलाच्या केसांतून फिरत होती. तोंड या कानापासून त्या कानापर्यंत फाटलेलं होतं आणि वरचा पुढचा दात अर्धा तुटलेला, तिरका.

ताईची जीभ आपोआप स्वतःच्या दाताकडे गेली. त्याच जिन्यावरून पडून तो तुटला होता. पुढे ऐपत आली तरी तिनं तो बसवून घेतला नव्हता.

"कसली जमलीय ना!" संपादिका तिच्या खांद्यावरून बघत होती. "आम्ही तिला जिन्याखालची म्हणतो. यांची बाकीची भुतं नुसती किंचाळतात. ही लाडीगोडीनं बोलते, त्यानं जास्त धडकी भरते. माझ्या मुलीनं चार पानं वाचली आणि दिवा चालू ठेवून झोपली."

"बहीण कुठाय?" ताईनं विचारलं.

"कोणाची?"

"याची. मोठी बहीण."

"बहीण नाहीये हो यात. मुलं दोनच. हा आणि एक छोटी, सारखी गोल गोल फिरणारी. आणि ही."

ताईनं पान जवळ ओढलं आणि फुग्यापासून त्या फाटक्या तोंडापर्यंत शेपटी काढली. थेट तुटक्या दाताला नेऊन टेकवली. हात मेला कामाला सोकावलेला, रेघ सरळ आली. मग तिनं निब पुसली, बाटलीला बूच लावलं आणि बाकीची पानं बघायला मागितली. संपादिकेला आनंद झाला. तिनं सगळा गठ्ठाच पुढे ठेवला आणि फोन वाजला म्हणून बाहेर गेली.

बासष्टाव्या पानावर ट्रक होता.

पहाटेचा रस्ता. मागचं फळकं पाडलेला ट्रक, आत दाटीवाटीनं बसलेली मुलं आणि फळकुटावर उभी एक बाई. तिच्या फुग्यात होतं: 'दोनच जागा आहेत. किती जण?' समोर जिन्याखालची उभी होती, कोट अंगाशी आवळून. तिच्या तोंडाकडे गेलेल्या शेपटीवर ताईच्या अक्षरातलं 'दोघंच.' मागे तळघराचं दार उघडं होतं. आत कोळशाच्या ढिगाला टेकून एक मुलगी झोपली होती. एका पायात बूट, दुसरा पाय उघडा. रस्त्याच्या टोकाला एक सायकल आडवी पडली होती. ती चालवणारा कोणी नव्हता. चाकाशी नुसती एक टोपी.

ताई त्या सायकलीकडे बघत राहिली. बुटाचं एक वेळ कोणी कल्पनेनं काढलं असतं. सायकल आणि टोपी कल्पनेनं येत नाहीत.

झोपलेली ती भिंगरी. शेजारणीची मुलगी, आठ वर्षांची, एका जागी मिनिटभर न टिकणारी. तिची आई पंपावर पाणी आणायला गेली ती जाताना ताईला म्हणाली होती, "हिला सांभाळ गं, आलेच मी." ती आली नाही. जिन्याखाली तिघं सतरा दिवस राहिली. अठराव्या पहाटे मदतवाल्यांचा ट्रक आला तेव्हा भिंगरी पहिल्यांदाच गाढ झोपली होती. खारूला ताप होता. ताईनं त्याला बापाच्या कोटात, स्वतःच्या पोटाशी बांधून घेतलं होतं. ट्रकवरच्या बाईनं विचारलं आणि ताई म्हणाली, दोघंच. तिघं म्हटलं असतं तर कदाचित बाईनं कोणाला मांडीवर घेतलं असतं, कदाचित तिघांनाही उतरवलं असतं. हा हिशेब ताई त्यानंतर रोज करत आली होती. ट्रक गेला त्याच दुपारी बॉम्ब पडले आणि ती गल्लीच उरली नाही.

ट्रकमध्ये खारूनं डोळे उघडून विचारलं होतं, "भिंगरी?"

"तिचा मामा आला होता. तू झोपला होतास. सायकलवरून घेऊन गेला तिला."

पुढे कित्येक वर्षं खारू त्या मामाबद्दल विचारायचा. सायकलला घंटी होती का? मामाला मिशा होत्या? मिशा होत्या? ताई दर वेळी काहीतरी देत गेली. घंटी दिली, मिशा दिल्या, टोपी दिली. खोटं तर खोटं, पोराला झोप लागायची. त्या लढाईतून ताईनं एवढीच एक गोष्ट धडधाकट बाहेर काढली होती: भावाला काही माहीत नाही. पाप असलंच तर ते तिचं एकटीचं होतं. भाऊ त्यातून निखळ सुटला होता. ती आजवर उभी होती ती त्या एका टेकूवर.

आणि त्याला सगळं माहीत होतं. माहीत होतं आणि त्यानं तिला भूत करून छापायला दिलं होतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. त्यातही वर्मी लागलं ते हे, की पट्टी न् पट्टी त्यानं तिच्याच हातानं लिहून घेतली आणि ती वेडी आनंदानं लिहीत बसली.

संपादिका परत आली. तिच्या हातात पुठ्ठ्याच्या पाकिटात घातलेलं एक पान होतं.

"हे जाता जाता भावाकडे द्याल का? शेवटचं पान आहे. फुगा चिकटवलाय, शेपटीही आहे, आत शब्दच नाहीत. विचारलं तर म्हणाले, ते ताईशी बोलून ठरवायचंय. उद्या सकाळी यंत्रावर चढवायचंय हो."

"देते," ताई म्हणाली. पाकीट तिनं उघडलं नाही.

भावाची खोली बेकरीच्या वर होती. ताई भरदुपारी रस्ताभर चालत गेली. बोलायची वाक्यं तिनं चार वेळा जुळवली आणि चारही वेळा ती विसरली. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार करायची तरी कोणाकडे? दर रविवारी हा माणूस तिच्या टेबलाशी बसून जेवत होता. नवरा त्याला भुतांवरून चिडवत होता आणि ती त्याच्या ताटात दुसऱ्यांदा वाढत होती.

दार उघडंच होतं. भाऊ खिडकीपाशी ब्रश धूत होता. एकेचाळीस वर्षांचा, कानशिलावर पांढरा झालेला. टेबलाच्या अर्ध्या उघड्या खणात नेहमीप्रमाणे कागदात गुंडाळलेले पावाचे तुकडे होते. बेकरी पायाखाली असून ही सवय गेली नव्हती.

"तू?" तो म्हणाला. "बस. चहा टाकतो."

"तू जागा होतास."

त्यानं पुठ्ठ्याचं पाकीट पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. ब्रश पाण्यातच ठेवून त्यानं हात पुसले.

"पानं पाहिलीस."

"तू जागा होतास का नाही?"

"ताप होता. डोळे मिटलेले होते," तो म्हणाला. "जागा होतो."

"मग मामाचं कशाला विचारायचास? घंटी होती का नि मिशा होत्या का. मी मूर्खासारखी सांगत बसायचे."

"वाटायचं, एखाद्या दिवशी म्हणशील, मामा नव्हता रे. दर वेळी वाटायचं, आज म्हणेल." तो स्टुलावर बसला. "तू त्याला टोपी दिलीस त्या दिवशी मी विचारणं बंद केलं."

"आणि रविवारचा येऊन जेवत राहिलास. मूग गिळून."

"तू वाढलेले."

एरवी अशा उत्तरावर दोघंही हसली असती. ताईनं पाकीट टेबलावर टाकलं.

"भूत केलंस मला, खारू. माझा दातसुद्धा सोडला नाहीस. मी तुला पोटाशी धरून सतरा दिवस काढले आणि तुला त्यातून हे दिसलं? दुसऱ्या कोणी केलं असतं तर दोन दिवस रडून गप्प बसले असते. पण तू माझ्याकडून लिहून घेतलंस. मी गावभर सांगत सुटले, या पुस्तकात मी आहे."

"आहेस."

"अशी?"

"शेवटचं पान पाहिलंस का?"

"मला कुठलंच पान पाहायचं नव्हतं. वीस वर्षं सांगतेय."

त्यानं पाकिटातून पान काढून तिच्यापुढे ठेवलं. पानभर एकच चित्र होतं. चालत्या ट्रकमध्ये बाकीची मुलं एकमेकांवर कलंडून झोपली होती आणि त्यांच्यामध्ये जिन्याखालची ताठ बसली होती. तिचं फाटकं तोंड पहिल्यांदाच मिटलेलं होतं. कोटाची दोन बटणं उघडी होती. त्या फटीतून, पोटाच्या जरा वर, आणखी एक तोंड दिसत होतं. लहान मुलाचं. गाल फुगलेले, ओठ घट्ट आवळलेले. रिकाम्या फुग्याची शेपटी त्या तोंडाला टेकली होती.

ताई खुर्चीवर बसली.

"सगळ्या पानांवर आहे ते," तो म्हणाला. "कोटाच्या फटीत. तू वरचं तोंड बघितलंस. ट्रकच्या पानावर बोटंही आहेत."

"कसली बोटं?"

"तू दोघंच म्हणालीस ते ट्रकवरच्या बाईला ऐकूच गेलं नाही. इंजिन चालू होतं. ती खाली वाकली आणि कोटात मी दिसलो. मला विचारलं, किती जण रे? मी बटणांमधून हात बाहेर काढला." त्यानं उजवा हात वर केला आणि दोन बोटं धरली. "असं."

ताईला ती बाई लख्ख आठवली. थकलेली, ओठ फुटलेले, आणि खाली वाकून ती हसली होती. ताईनं पस्तीस वर्षं त्या हसण्याचा राग केला होता. एक पोर मागे राहतंय आणि ही बया हसते कशाला, असं तिला वाटत आलं होतं. कोटातून तापलेलं पोर दोन बोटं दाखवत होतं म्हणून ती हसली होती.

"तुला काय कळत होतं तेव्हा," ताई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "सहा वर्षांचा तर होतास."

"मोजता येत होतं," तो म्हणाला. "तूच शिकवलं होतंस."

खाली बेकरीत पत्र्याच्या ट्रेचा आवाज झाला. ताईला त्याची दया आली. पण दयेच्या आधी राग आला, आणि तो दयेहून मोठा होता.

"हे मला तेव्हाच का नाही सांगितलंस? दहाव्या वर्षी, विसाव्या वर्षी, गेल्या रविवारी?"

खणातला एक पावाचा तुकडा काढून त्यानं बोटांत फिरवला आणि परत ठेवला.

"तू सगळं स्वतःवर घेतलं होतंस. मामा, सायकल, सगळं. मला ते बरं पडत होतं, ताई. खरं सांगतो. कोटात बसायची सवय झाली होती."

"आणि मी बाहेर."

"हो."

तिनं मान हलवली. तिला वाटत होतं आपण एका निष्पाप मुलाला वाचवलं, आणि तसं मूल तिथे नव्हतंच. भुताच्या पोटात बसून ते दोन बोटं दाखवत होतं आणि आकडा त्याला नीट कळत होता. ती एकटी ओझं वाहत होती असंही नव्हतं. दोघं वाहत होती, फक्त एकानं दुसऱ्याला ते कळू दिलं नाही. यातलं जास्त वाईट काय, हे तिला ठरवता येईना.

"मग पुस्तकभर शेपटी माझ्याच तोंडाला कशी?"

"या तोंडात काय घालायचं ते जमत नव्हतं. दोन वर्षं पान असंच पडलंय. वाटलं, तू पाहिलंस की तुला सुचेल. तूच लिही. तुझ्या अक्षरात आलं की काहीही बरं दिसतं."

ते खरं होतं. वीस वर्षांत, तेरा पुस्तकांत, त्याच्या हातचं एक अक्षर कुठे नव्हतं. त्यानं पेन्सिलनं म्हणायचं, तिनं शाईनं म्हणायचं, आणि त्याचं म्हणणं मागे राहू नये म्हणून खोडरबरानं साफ पुसायचं. ताईनं पिशवी उघडली. नेहमीच्या क्रमानं टेबलावर शाईची बाटली मांडली, मग टाक, मग टीपकागद, मग खोडरबर. बाटलीचं बूच काढलं. मग पान दोन्ही हातांनी धरून फिरवलं आणि त्याच्यापुढे सरकवलं.

"तू लिही."

"माझं अक्षर घाण आहे, ताई. मूळ पान आहे हे, फुकट जाईल. उद्या छपाई आहे."

"जाऊ दे फुकट."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. बापाचा कोट अंगात नसला तरी ती तशीच ताठ बसली होती. त्यानं कानामागची पेन्सिल काढली.

"पेन्सिल नको," ताई म्हणाली. "शाईनं."

टाक त्याच्या हाताला ओळखीचा नव्हता. पहिल्यांदा शाई जास्त आली, ती त्यानं बाटलीच्या काठाला पुसली. तिचं बघूनच शिकला असणार. निब कागदावर टेकवण्याआधी त्यानं शाळेतल्या पोरासारखं विचारलं, "किती मोठं काढू?"

"फुगा भरेल एवढं."

त्याला वेळ लागला. निब दोनदा कागदात रुतली. ताईनं पान हलू नये म्हणून कोपऱ्यावर तळवा दाबून धरला, पण मदत केली नाही आणि नजरही वळवली नाही. एकच शब्द होता. अक्षरं लहानमोठी, एक वर, एक खाली, शेवटचं तर फुग्याच्या रेघेवरच चढलेलं. 'दोघंच.'

दोघंही ते बघत बसली. चांगलं आलं असं ताई म्हणाली नाही. वाईट आलं असंही म्हणाली नाही. तिनं टीपकागद दाबून शाई टिपली, उरलेली वाळेपर्यंत थांबली आणि हाताच्या सवयीनं खोडरबर उचललं. ते शब्दाजवळ नेल्यावर तिच्या लक्षात आलं की खाली पेन्सिल नव्हती.